जिजीचा अंगठा

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात गावाला दारावर, म्हणजे दुःखाच्या घरी भेटायला, जाऊन आलो त्याला आता आठ महिने होतील, पण त्या दिवशीची एक गोष्ट काही केल्या डोक्यातून जात नाही. गोष्ट म्हणावी एवढी मोठीही नाही ती. एका बाईचा अंगठा, बस. नाना गेले होते, वडिलांचे चुलतभाऊ, चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावात केळीची दोन बिघे बाग आणि एक गाय एवढ्यावर आयुष्य काढलेला माणूस. मी जळगावहून सकाळच्या एसटीने निघालो, पोचेपर्यंत अकरा वाजले होते आणि ऊन असं की अंगणातल्या फरशीवर चपला काढल्या तर पाय भाजत होते. पत्र्याची पडवी, वर करकर करणारा पंखा, कूलर बंद (त्याच्या आवाजात रडणं ऐकू येत नाही म्हणून की काय, दुःखाच्या घरात कूलर लावायला लोकांना अवघड वाटतं), एका बाजूला बायका, एका बाजूला आम्ही. जिजी, म्हणजे नानांची बायको, भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर नानांचा खांद्यावरचा रुमाल, आणि त्या रुमालाच्या काठावरून तिचा अंगठा फिरत होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग परत. रडत नव्हती. कोणीतरी सांगत होतं की रात्री अकराला छातीत जळजळ सुरू झाली, गॅस असेल म्हणून लिंबू-सोडा दिला, पाठ चोळली, जरा बरं वाटलं म्हणाले, आणि पहाटे उठवायला गेले तर संपलेलं. आणि मी, गणिताचा मास्तर, घरातला शिकलेला, बोललो. म्हणालो, "ते गॅस नव्हतंच जिजी. हार्टचंच होतं. पहिला तास महत्त्वाचा असतो त्यात. तेव्हाच चोपड्याला हलवलं असतं ना, तर..."

अंगठा थांबला.

मला दिसलं ते. म्हणजे डोळ्यांना दिसलं, पण त्याचा अर्थ लागला नाही, आणि मी चक्क पुढे बोलत राहिलो, रक्ताची गुठळी, ॲस्पिरिन, वगैरे वगैरे. तेवढ्यात भटू उठला. भटू माझा चुलतभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, दहावी तिसऱ्या झटक्यातही न सुटलेला. तो दारात जाऊन उभा राहिला, गोठ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "जिजी, गाय सकायपाईन उभी शे, पानीले तोंड नही लाई राहिनी. चाल बरं तू." एवढंच. जिजी उठली, रुमाल खांद्यावर टाकला, त्याच्या मागून गेली. बायकांनी एकमेकींकडे बघितलं, कोणी काही बोललं नाही. थोड्या वेळाने गोठ्यातून जो आवाज आला तो गाईचा नव्हता. घरातल्या बायका नंतर हळूच म्हणाल्या, दोन दिवसांत पहिल्यांदा रडली. मी पडवीत स्टीलच्या ग्लासातलं पाणी धरून बसलेलो, ग्लासावर बोटांचे ओले ठसे, आणि कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. एखादा माणूस नागडा बसलाय आणि सगळे सभ्यपणे दुसरीकडे बघतायत, तसं.

परतीच्या एसटीत विदगावचा पूल आला, खाली तापीचं पाणी कुठे कुठे चमकत होतं, आणि तिथे, पुलाच्या बरोबर मध्यावर, मला कळलं. लिंबू-सोडा कोणी करून दिला असेल? पाठ कोणी चोळली असेल? "पडा थोडं, सकाळी बरं वाटेल" हे कोणी म्हटलं असेल? घरात दोघंच तर होते. मी एका बाईला तिच्या नवऱ्याच्या दारावर येऊन, पंचवीस माणसांसमोर, ती चुकली हे समजावून सांगितलं होतं. उदाहरणासकट. एकदा कळल्यावर मग मला सगळंच कळायला लागलं, तिला काय वाटलं असेल, ते आधी कुठून सुरू झालं असेल, अपराधीपणाचं रागात कसं होतं, तो राग कोणावर निघू शकत नाही म्हणून अंगठ्यात कसा जातो. दोन पानं लिहून दिली असती मी त्यावर, सुवाच्य अक्षरात. फक्त दीड तास उशिरा.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला कोणी बोलायला सांगितलं होतं?"

आमच्या घरात माझ्या या स्वभावाला एक जुनं संरक्षण आहे. मी चौथीत स्कॉलरशिपला आलो तेव्हापासूनचं. आजी म्हणायची, "शिकेल शे पन हुकेल शे," आणि हसायची, आणि मला ते मेडलसारखं वाटायचं. पोरगं हुशार आहे, मग थोडं कोरडं असणारच. देव सगळं एकाच ताटात वाढत नाही. पाहुणे आले की मी आत पुस्तक घेऊन बसायचो आणि आई बाहेर सांगायची, त्याला नाही जमत बोलायला, अभ्यासू आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आत्या माहेरी यायच्या, गौराईची गाणी व्हायची, झोक्यावर बसून एखादी सासरचं सांगता सांगता गप्प व्हायची, तेव्हा बाकीची पोरं काहीतरी करून तिला हसवायची, आणि मी तिला विचारायचो की आत्या, तू गप्प का झाली? सगळ्यांसमोर! आणि तरीही कोणी रागावायचं नाही, कारण हुशार. लग्नानंतरही तेच चालू राहिलं. साडूच्या गृहप्रवेशाला मी बांधकामातली ओल दाखवली. एका मित्राचा मुलगा नापास झाला तर त्याला मी टक्केवारीचं गणित समजावलं. प्रत्येक वेळी मागून कोणीतरी म्हणतं, जाऊ द्या हो, सर तसे मनाने चांगले आहेत. हे "तसे" फार वाईट असतं, ज्याच्याबद्दल म्हणतात त्यालाच कळतं.

आणि दुसऱ्या बाजूला भटू. तो ढ, पण माणसांचा. हे पण लहानपणापासून ठरलेलं. त्याची दहावीची तिसरी वेळ होती तेव्हा मी कॉलेजला होतो आणि काकांनी त्याला माझ्याकडे गणिताला बसवलं होतं. घराच्या धाब्यावर, म्हणजे छतावर, बल्ब लटकवून, खाली गाईगुरांचा वास. मी वर्गसमीकरण सांगायचो, तो मान हलवायचा. समजलं का? समजलं. पुढचं घेऊ? घे. परीक्षेत पंधरा मार्क. काका मला काही बोलले नाहीत पण मी भटूवर चिडलो, म्हटलं साल्या, समजत नव्हतं तर सांगायचं ना. तो म्हणाला, "तुला जायचं असायचं ना भो. आठ वाजले का तू सारखा पेनचं टोपण काढायचा, लावायचा. मी म्हटलं, कशाला याला अडकवू." म्हणजे तो समीकरण शिकत नव्हताच, तो मला वाचत होता. मी त्याच्यासमोर रोज दीड तास बसायचो आणि मला तो कुठे अडलाय हे एकदाही दिसलं नाही. त्याला माझं टोपण दिसत होतं. यात कोण कोणाला शिकवत होतं, देव जाणे.

तर नाना गेल्यानंतर महिना-दीड महिन्याने कॉलेजात शिक्षकांसाठी दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं. भावनिक बुद्धिमत्ता असा विषय. जूनचा उकाडा, हॉलमध्ये पंखे, कपात थंड झालेला चहा, आणि एक छापील कागद. "मी इतरांच्या भावना सहज ओळखतो", एक ते पाचमध्ये गोल करा. "तणावाच्या प्रसंगी मी शांत राहतो." "लोक आपल्या अडचणी माझ्याकडे घेऊन येतात." मी चार-चार, पाच-पाच करत गेलो, खोटं म्हणून नाही, खरंच तसं वाटत होतं त्या वेळी. बेरीज केली तर 'उत्तम' या गटात आलो, आमच्या विभागात दुसरा. घरी येऊन कागद टेबलावर ठेवला. बायकोने चष्मा लावून पूर्ण वाचला आणि मग विचारलं, "चार दिवसांपासून मी डाव्याच बाजूने जेवतेय. का, ते सांगा."

दाढ दुखत होती. उजवीकडची.

मग मात्र मला ही गोष्ट चावायला लागली आणि मी वाचायला घेतलं. आमच्यासारख्यांचा हा पण एक रोगच, लाज वाटली की वाचायला बसायचं. पण बरं झालं वाचलं. ही 'एकच एक बुद्धिमत्ता' नावाची भानगड सुरू होते १९०४ मध्ये, चार्ल्स स्पिअरमन नावाच्या इंग्रज माणसापासून. त्याने शाळेतल्या पोरांचे वेगवेगळ्या विषयांतले मार्क घेतले आणि बघितलं की एका विषयात जो वर असतो तो साधारणपणे दुसऱ्यातही वरच असतो, विषयांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नसला तरी. त्यावरून तो म्हणाला की सगळ्यांच्या मुळाशी एक सामाईक गोष्ट असली पाहिजे, तिला त्याने 'जी' हे अक्षर दिलं. मला हे वाचून हसू आलं, कारण हे कुठल्याही वर्गशिक्षकाला निकालपत्रक भरताना माहीत असतं. गणितात नव्वदवाला भूगोलात पस्तीसवर क्वचितच असतो. आणि १९२० साली थॉर्नडाईक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने त्याला टाचणी लावली, की कारखान्यातला सगळ्यात चांगला मेकॅनिक फोरमन केला की फेल जाऊ शकतो, कारण माणसं सांभाळायची बुद्धी वेगळी. म्हणजे आमच्या आजीने जे म्हटलं तेच. 'भावनिक बुद्धिमत्ता' हे आज ज्या अर्थाने बोलतात ते मात्र १९९० चं, पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या दोघांनी लेख लिहून मांडलेलं. मग १९९५ ला डॅनियल गोलमन या पत्रकाराचं पुस्तक आलं, आयक्यूपेक्षा हे जास्त महत्त्वाचं ठरू शकतं असं कव्हरवरच, आणि जगभरातल्या कमी मार्कवाल्यांच्या आयांनी सुटकेचा श्वास सोडला. ट्रेनिंगमधले सर त्याचंच बोलत होते, आयक्यू नोकरी देतो आणि ईक्यू प्रमोशन देतो टाइपचं. टाळ्या पडतात त्याला. जणू तराजूच आहे, हे पारडं वर तर ते खाली.

पण हे मोजतात कसं, तिथे खरी मजा आहे. एक पद्धत तो आमचा कागद, स्वतःला विचारायचं की तू कसा आहेस. म्हणजे चोराला विचारायचं, चोरी केली का. दुसरी पद्धत, खरोखर परीक्षा घ्यायची. मेयर, सॅलोव्हे आणि डेव्हिड कारुसो यांनी २००२ साली तशी एक आणली, १४१ प्रश्नांची. चेहऱ्यांचे फोटो देतात, यात राग किती, भीती किती. दुसऱ्या भागात, अमुक काम करायला कुठली मनःस्थिती उपयोगाची. तिसऱ्यात, आधी चीड होती त्यात अमुक मिसळलं तर काय तयार होईल. चौथ्यात प्रसंग देतात, अशा वेळी काय केलं तर बरं. आता माझ्यातल्या मास्तराला पहिला प्रश्न पडला, आन्सर की कोणाकडे? दुःखाचं बरोबर उत्तर कोण ठरवतं? तर त्यांच्याकडे दोन मार्ग, एक म्हणजे या विषयातल्या तज्ज्ञांना जे वाटतं ते, आणि दुसरा म्हणजे बहुतेक लोकांनी जे उत्तर दिलं ते बरोबर. वाचता वाचता मी खुर्चीत मागे टेकलो. चार लोक काय म्हणतील! ज्या गोष्टीवरून आपण आयुष्यभर आईबापांशी भांडलो तीच इथे उत्तरपत्रिका आहे. आणि मान्य करायला जड जातं, पण त्या पडवीत चार लोकांचं उत्तर माझ्यापेक्षा बरोबर होतं. पंचवीस जणांपैकी कोणाला तोंड उघडायची बुद्धी झाली नव्हती, माझ्याशिवाय.

आता मुख्य गंमत. स्वतः भरून दिलेल्या कागदाचा आणि बुद्धीच्या चाचणीचा एकमेकांशी जवळजवळ काही संबंध निघत नाही, आणि त्या कागदाचा या खऱ्या परीक्षेशीही फारसा मेळ बसत नाही. ठीक, अपेक्षित होतं, माझ्या बायकोनेही तेच सांगितलं असतं. पण ती जी खरी परीक्षा आहे तिचा बुद्धीशी संबंध निघतो, आणि तो उलटा नाही, सुलटा निघतो. सहसंबंध ०.३ च्या आसपास. म्हणजे जो हुशार तो थोडा कोरडा असणार असं नाहीच, उलट जो हुशार त्याला माणसं कळायची शक्यता थोडी जास्त. ०.३ हे आकडेशास्त्रात फार मोठं नाही, वर्ग केला तर ०.०९, म्हणजे दोघांच्यात सामाईक नऊ टक्केच. पण मी कागद-पेन घेऊन बसलो आणि त्याचं पोरांमध्ये रूपांतर केलं, कारण मला आकडा पोरांशिवाय कळत नाही. शंभर पोरं घ्या. बुद्धीत वरचे पन्नास, खालचे पन्नास. ०.३ असेल तर त्या वरच्या पन्नासातले साधारण तीस भावनेच्या बाबतीतही वरच्या निम्म्यात असतात, आणि वीस खालच्या निम्म्यात. बस, एवढंच. खालच्या पन्नासात उलटं, वीस वर आणि तीस खाली.

मी त्या वीसवर कितीतरी वेळ बघत बसलो.

कारण गोष्टी सगळ्या या विसांच्याच आहेत. हुशार पण माणूसघाणा प्रोफेसर, ढ पण देवमाणूस हमाल, हेच आपण एकमेकांना सांगतो, सिनेमात तेच, लग्नाच्या पंगतीत तेच. ते तीस जण, जे हुशार पण आहेत आणि ज्यांना समोरच्याचा चेहरा पण वाचता येतो, त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही, त्यात सांगण्यासारखं काय आहे? आमच्याच कॉलेजातल्या फिजिक्सच्या मॅडम, पेपर सेट करण्यात कोणी हात धरणार नाही आणि पोरगी वर्गात शिरली की घरी काहीतरी झालंय हे हजेरीच्या आधी ओळखणार. त्यांच्याबद्दल काय बोलायचं, जळायचं फक्त. आणि ते खालचे तीस, ज्यांना ना गणित जमलं ना माणसं, त्यांच्याबद्दल तर बोलायची सोयच नाही, त्यांना आपण म्हणतो, गणित नाही जमत पण मनाचा राजा आहे. जमत नसतं बिचाऱ्याला तेही. तर माझं जे आयुष्यभराचं संरक्षण होतं, की एक पारडं भरलं म्हणून दुसरं रिकामं, ते तराजूच नव्हतं. दोन वेगवेगळ्या कोठ्या होत्या, एकाच पावसावर थोड्याफार भरलेल्या. माझी दुसरी रिकामी राहिली तर ती पहिलीमुळे राहिली नाही. मग कशामुळे, याचं उत्तर मला द्यावं लागेल, आणि आजी आता नाही मध्ये पडायला.

याच्या पुढे अजून एक गोष्ट सापडली आणि ती मला थेट पुलावर घेऊन गेली. २०१० मध्ये डॅना जोसेफ आणि डॅनियल न्यूमन या दोघांनी आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले, आणि त्यांनी ही भावनिक बुद्धी पायऱ्यांमध्ये मांडली, आधी ओळखणं, मग समजणं, मग आवरणं. या तिन्हींचा बुद्धीशी सारखा संबंध नाही. समजण्याशी, म्हणजे कुठल्या भावनेतून कुठली भावना येते, तिचं नाव काय, याच्याशी बुद्धीचं नातं चांगलं घट्ट. ओळखण्याशी, म्हणजे समोरच्या चेहऱ्यावर आत्ता, या क्षणाला काय आहे, याच्याशी अगदी बारीक. झालं की! म्हणून पुलावर मला सगळं कळलं आणि पडवीत काही नाही. दुसरी पायरी माझी चकाचक आहे, टाइल्स बसवलेली. पहिल्या पायरीवर पाय ठेवायलाच जागा नाही, आणि पायऱ्या अशा की पहिलीवर न चढता दुसरीवर गेलेलं वेळेवर उपयोगी पडत नाही. भटूचं उलटं. त्याला विचारा तू जिजीला गोठ्यात का नेलं, तो सांगू शकणार नाही. मी विचारलं होतं. म्हणाला, "काय माहीत भो. ती थांबली ना."

अंगठा थांबला असंही नाही म्हणाला. ती थांबली.

इथे थांबलो असतो तर भटूचा फोटो लावून हार घालता आला असता. पण भटू केळीचा व्यापारी आहे, आणि मी त्याच्याबरोबर एक दिवस फिरलोय. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, सुट्टी होती, म्हणाला चल गाडीवर. बागेत ओला गारवा, पायाखाली सुकलेली पानं, घडाला हात लावला की चिकट डाग, तो डाग शर्टावरून जन्मात जात नाही. शेतकरी बांधावर उभा. भटूने घड दाबले, आकाशाकडे बघितलं, तंबाखू मळली, आणि बराच वेळ भावाचं काही बोललाच नाही. शेवटी शेतकऱ्याने विचारलं, "मग कापणी कधी करतोस?" भटूने जो बोर्डाचा भाव चालू होता त्याच्याहून दीडशे कमी सांगितला, क्विंटलमागे. शेतकरी थोडा कुरकुरला आणि हो म्हणाला. गाडीवर बसल्यावर मी विचारलं, तुला कसं माहीत तो हो म्हणेल? तर म्हणे, सोपं आहे. ज्याला घाई नसते तो आधी विचारतो भाव काय. ज्याला पैसे पाहिजे असतात तो आधी विचारतो कापणी कधी. केळी काही कापसासारखी घरात भरून ठेवता येत नाही, आणि याच्या घरात लग्न आहे, पायात नवीन चप्पल होती आणि ती चावत होती. मी गप्प बसलो. चप्पल मीही बघितली होती. मला ती नवीन चप्पल दिसली होती, एवढंच.

म्हणजे जिजीचा अंगठा वाचणारे डोळे आणि त्या शेतकऱ्याची चप्पल वाचणारे डोळे एकच. वाचता येणं म्हणजे भलं असणं नाही, जसं गणित येणं म्हणजे प्रामाणिक असणं नाही. आणि भटूला ढ तरी कसं म्हणायचं? टनाचा भाव, घट-तूट, कटाईची मजुरी, गाडीभाडं, सगळं तोंडावर, कॅल्क्युलेटर तो फक्त समोरच्याला दाखवायला काढतो. त्याची दहावी इंग्रजीत आणि माझ्या पेनच्या टोपणात अडकली, बुद्धीत नाही. २००६ साली स्टेफान कोते आणि ख्रिस्तोफर माइनर्स यांनी नोकरदार माणसांवर अभ्यास केला होता, त्यात असं निघालं की ज्यांची बुद्धीच्या चाचणीतली कामगिरी कमी, त्यांच्या कामात भावनिक बुद्धीचा फरक जास्त पडतो, एकाची उणीव दुसरं भरून काढतं. वाचून मी लगेच भटूला त्यात बसवला, आणि मग लक्षात आलं की मी परत तेच करतोय. त्याची चाचणी घेतलीय कोणी? मार्कलिस्ट म्हणजे चाचणी नाही, हे मी नाही सांगायचं तर कोणी सांगायचं. भटू कदाचित त्या वरच्या तिसांतला असेल, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला तीस वर्षं खालच्या विसांत बसवून ठेवलं असेल, कारण त्याशिवाय माझी जागा पक्की झाली नसती.

डिसेंबरात गावाला परत गेलो. थंडी चांगली पडली होती, शेतात पऱ्हाट्यांवर वांगी भाजल्याचा धूर गावाबाहेरूनच लागला, सातपुड्याची रेघ स्वच्छ. कारण काही नव्हतं जायला, म्हणजे होतं, एसटीत मी वाक्य पाठ करत गेलो. जिजी, त्या दिवशी मी बोललो ते बोलायला नको होतं. पुलापर्यंत ते वाक्य बरं वाटत होतं, धानोऱ्यापर्यंत नाटकातलं वाटायला लागलं. जिजी अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. बारीक झालीय. गाय विकली म्हणाली, भटूनेच गिऱ्हाईक आणलं, पैसे चांगले आले. चहा झाला, नानांच्या बागेचं झालं, माझ्या पोराच्या अ‍ॅडमिशनचं झालं. मी वाक्य काढणार तेवढ्यात तिनेच विचारलं, शेंगांवरची नजर न काढता.

"तू त्या दिनले म्हणे ना, पहिला तास. नेतात तं वाचतात का रे?"

मी म्हटलं, जिजी, जाऊ दे आता ते. हे मी शिकून आलो होतो, असं म्हणायचं असतं. तिने हात थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. "भटूले इचारं तं तो माले गोठामा लई जास," ती म्हणाली. "आते तं गाय बी नही. म्हनिसन तुले इचारस. तू खरं सांगशी."

मला काय करावं ते कळेना. खोटं सांगितलं तर तिला कळणार, खरं सांगितलं तर एप्रिल परत. मी तिच्या अंगठ्याकडे बघितलं, तो एका शेंगेच्या शिवणीवर टेकलेला होता, दाबलेला नव्हता. मी हळूहळू सांगितलं, मध्ये मध्ये थांबत, की कदाचित वाचले असते, कदाचित वाटेतच काही झालं असतं, रात्री अकराला गावात गाडी कोणाची होती, भटूची तर माल घेऊन गेलेली, आणि छातीत जळजळ झाली की शंभरातली बहुतेक माणसं गॅसच समजतात, मी पण समजलो असतो, मी पण लिंबू-सोडाच पिलो असतो. एवढं नक्की सांगता येत नाही जिजी. कोणालाच येत नाही.

ती ऐकत होती. मग तिने शेंग फोडली, दाणे ताटात पडले, आणि सूप पायाने माझ्या बाजूला सरकवलं.

"नुसता बठू नको," म्हणाली. "सोल."